सुकाणूवरचा माणूस

येनकाकांनी सुकाणूचं लांब वल्हं म्यो थानच्या हातात दिलं, तेव्हा विहाराच्या घाटावरचे सगळे वल्हेकरी एकदम वळून बघायला लागले. होड्यांची शर्यत दुसऱ्या दिवशी होती.

काकांचं मूळ नाव येल्ले. हॉलंडहून ते या नदीकाठच्या गावात आले, इथलीच बायको केली, तिला इथेच अग्नी दिला आणि पुढेही इथेच राहिले. येल्ले हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने त्यांना येन केलं. थाई भाषेत येन म्हणजे थंड. होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून ते ज्या शिव्या घालत, त्या ऐकणाऱ्याला हे नाव काही पटत नसे.

आता गुडघा साथ देत नव्हता. चाळीस जणांच्या मागे उभं राहून होडी सरळ ठेवायची, तर पाय रोवलेले हवेत. काकांनी सकाळी एकदा उभं राहून पाहिलं आणि स्वतःच निकाल लावला. गावात सुकाणू धरता येणारे आणखी दोघे होते. त्यातला एक तैवानच्या कारखान्यात गेला होता, दुसरा बँकॉकमध्ये टॅक्सी चालवत होता. निम्मे वल्हेकरीसुद्धा सुट्टी काढून कालच गावी पोचले होते. म्यो थान मात्र बारा महिने इथेच असे. तो ब्रह्मदेशातून आलेला, मक्याच्या गोदामात पोती उचलणारा. तिकडे असताना त्याने नदीवर नाव चालवली होती.

सरपंच सुवित पुढे आले. त्यांनी आवाज चढवला नाही. वल्हं मारायला बसवा, माझी हरकत नाही, पण सुकाणू बाहेरच्याकडे जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पलीकडच्या गावाला आयतं हसायला मिळेल. शिवाय होडीच्या पुढच्या टोकाला देवीचा वास असतो, तिला हे चालायचं नाही.

"मग तिने मला कसं चालवून घेतलं?" काकांनी विचारलं.

"तुमची गोष्ट वेगळी आहे, काका. तुम्ही आपले."

"कधीपासून?"

सरपंच हसले. "हे काय विचारणं झालं?"

"विचारतोय ना. कुठल्या वर्षी झालो मी आपला? साल सांग."

सरपंचांनी आठवून पाहिलं. मोठा पूर आला त्या वर्षी, असं ते म्हणाले. काकांनी तेव्हा छपरांवर अडकलेली माणसं उतरवली होती. एका म्हाताऱ्या वल्हेकऱ्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, काका एका लग्नात पिऊन नदीत पडले आणि चौघांनी त्यांना सदऱ्याला धरून बाहेर ओढलं, तेव्हाच ते गावचे झाले. पूर तर फार नंतरचा. घाटाच्या पायऱ्यांशी नूडल्सची गाडी लावणाऱ्या चानपेनमावशींनी दोघांनाही खोटं ठरवलं.

"माझ्या रश्श्यात तिखट कमी पडलं म्हणून हा गोरा माझ्याशी भांडला ना, त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "पाहुणा कधी भांडतो का?"

मग वाद जुंपलाच. ज्याला त्याला वेगळं साल आठवत होतं आणि जो तो आपल्या सालाला धरून बसला होता. काकांनी सगळ्यांना बोलू दिलं.

"म्हणजे कुणालाच ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले. "याचंही तसंच होऊ दे की."

सरपंच म्यो थानकडे वळले आणि हरलास तर काय करशील, असं त्यांनी त्याला विचारलं. इतका वेळ त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं, त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं.

म्यो थानने हातातलं वल्हं खाली ठेवलं नव्हतं. "माझी मुलगी इथल्याच शाळेत आहे, सरपंच," तो म्हणाला. "हरलो तर तिला वर्षभर चिडवतील. मला हरून चालणारच नाही."

सरपंचांनी उदबत्त्या मागवल्या. होडीच्या पुढच्या टोकाशी गुडघे टेकून त्यांनी म्यो थानला शेजारी बसवलं आणि डोळे मिटून देवीला त्याचं नाव सांगितलं. नाव चुकलं. म्यो थानने हळू आवाजात दुरुस्त केलं. सरपंचांनी डोळे उघडले नाहीत. सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, या वेळी नावासकट बरोबर.

शर्यतीआधीच्या शेवटच्या सरावासाठी होडी सुटली. काका काठावर उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी तिच्यातून फक्त चाळीस पाठी पाहिल्या होत्या. ती एवढी लांब आणि एवढी देखणी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. पुलाच्या खांबाशी पाणी उसळलं आणि होडीचं शेपूट बाजूला सरकायला लागलं. काकांचे रिकामे हात आपोआप वर आले. त्यांनी ते खिशात घातले.

तिकडे म्यो थान स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडला. चाळीस जणांपैकी एकालाही तो शब्द कळला नसेल, पण सगळे एकदम वाकले. होडी सरळ झाली आणि पुलाखालून पलीकडे निघून गेली.

सरपंच मान लांब करून बघत राहिले. मग काकांकडे न पाहता, जरा रागानेच म्हणाले, "पुढच्या वर्षी याला पावसाळ्याच्या आधीपासून सरावाला घ्यायचं. असं ऐनवेळी आणून उभं केलंत, हे काही बरं केलं नाहीत, काका."