जिवापाड जपलेल्या पेशी

शर्वाणीनं फोनवरच गळा काढला. आतड्याच्या गाठीतल्या पेशींना मरू न देणारं प्रथिन औषधानं बंद पाडायचं, हा तिच्या पीएचडीचा विषय. तीन वर्षं त्या पेशींनी दाद दिली नव्हती. काल घाईत इनक्युबेटरचं दार उघडं राहिलं आणि आज सकाळी पाहते तर सगळ्या मेलेल्या.

“मग मारायच्याच होत्या ना?” पलीकडून बाबा म्हणाले.

“माझ्या औषधानं, बाबा. तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं मी त्यांना.”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. कालची घाई बाबांच्याच केमोसाठी होती. वा, शर्वाणीबाई. बापाच्या आतड्यात गाठ, आणि लेक तसल्याच पेशींचं सुतक पाळतेय.

बाबा मात्र हसले. “रडू नकोस. माझ्याकडच्या अजून ठणठणीत आहेत. पाठवू का थोड्या?”