आठ दिवसांची कटकट

“आता बोला काकू, यात काय काय घालायचं?”

दुकानातून आलेल्या तंत्रज्ञाने खुर्ची पुढे ओढली. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. नवा संगणक शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर बसवून झाला होता. रिकामं खोकं कापडाच्या चिंध्यांवर आडवं पडलं होतं.

शिवणकाकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. अर्ध्या गल्लीच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे होते, म्हणून हे नाव.

तंत्रज्ञाने यादी वाचली. व्हायरसपासून राखण करणारं हवंच. पत्र लिहायचं, फोटो ठेवायचं, परगावच्या लेकीशी समोरासमोर बोलायचं. आणि काकूंनी दुकानात स्वतःहून विचारलेलं, कपड्यांचे नमुने आखायचं. माप टाकलं की बाहीचा गोल आपोआप काढून देणारं. त्याच्यासाठी काकू तीन वर्षं झुरत होत्या.

“काकांनाही विचारू या. काय काका, तुम्हाला काय हवं?”

काका खिडकीपाशी बसले होते. भर उकाड्यात गळ्याला मफलर, तोंड रस्त्याकडे. त्यांनी मान वळवून तंत्रज्ञाकडे पाहिलं आणि परत फिरवली.

“ते बोलत नाहीत,” काकू म्हणाल्या.

“रागावलेत वाटतं?”

“चौदा महिने झाले.”

“आमच्याकडे अबोला दोन दिवसांवर टिकत नाही. झालं काय एवढं?”

“एका कागदावर सही करायला लावली मी.”

“घराच्या?”

काकूंनी हातातल्या शिवणीचा दोरा दातांनी तोडला.

त्या बोलल्या त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काका नको नको म्हणत होते आणि काकूंनी हट्टाने त्यांच्या हातात पेन दिलं होतं. काकांनी सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि माणूस कसा, तर तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करणारा. सगळे त्यांना भोंगा म्हणायचे. प्रत्येक घोषणा दोनदा करायची, ही नोकरीतली शिस्त त्यांनी घरातही आणली होती. चहा ठेव, चहा ठेव. पंखा लाव, पंखा लाव. काकू वैतागून म्हणायच्या, “एकदा सांगितलं की कळतं.”

सहीच्या आधीचे आठ दिवस तर त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. दार लावून घ्यायचे आणि हाती लागेल ते मोठ्याने वाचायचे. जुनी वेळापत्रकं, साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर, लेकीचं शाळेतलं भूगोलाचं पुस्तक. शेजारणीने तर विचारलंही होतं, यांचं डोकं फिरलं की काय म्हणून. त्यानंतर घर जे चिडीचूप झालं ते झालंच. काकूंना आता मशीनच्या खडखडाटाचीच सोबत होती, आणि ते दोनदा सांगणं ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

त्यांनी बटणांच्या डब्यातून एक चिठ्ठी आणि एक पेन ड्राइव्ह काढला.

“आधी हे घाला.”

तंत्रज्ञाने चिठ्ठीवरचं नाव वाचलं. “कधी ऐकलं नाही बुवा. आवाजाचं काहीतरी दिसतंय.” त्याने इंटरनेटवर शोधलं आणि भुवया चढवल्या. “काकू, हे फार मोठं आहे आणि तुमचा संगणक सगळ्यात लहान. हे घेतलं तर नमुन्यांचं मावायचं नाही. खरं तर दुसरं काहीच मावायचं नाही.”

“दोन्ही नाही बसणार?”

“एका सदऱ्याच्या कापडात दोन सदरे निघतात का?”

हे काकूंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग काकांच्या पाठीकडे.

“माझं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “लेकीशी फोनवर बोलेन. हेच घाला.”

“काकांना गाण्याबिण्याचा शौक आहे का?”

“स्वतःच्या आवाजाचा.”

“आणि या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे?”

“आठ दिवसांची कटकट.”

तंत्रज्ञ पोट धरून हसला. घरोघरी मातीच्या चुली, म्हणाला, आणि कामाला लागला.

दुपार त्यातच गेली. संगणक आकडे मोजत राहिला आणि काकू काजं करत राहिल्या. एकच काज त्यांनी तीनदा उसवलं. फार आशा ठेवू नकोस, असं लेकीने बजावलं होतं. काकूंनी आशा ठेवली होतीच. हे फसलं तर दुसरा उपाय नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं.

“झालं. इथे लिहायचं आणि ही कळ दाबायची,” तंत्रज्ञ म्हणाला.

“अहो, या.”

काका हलले नाहीत.

“अहो, या ना.”

दोनदा सांगितल्यावर उठले. खुर्चीत बसले. एका बोटाने अक्षरं शोधू लागले. मफलरचं टोक सारखं कळांवर येऊ लागलं, तेव्हा त्यांनी तो सोडून मांडीवर ठेवला.

तंत्रज्ञाचं हसू जागच्या जागी थांबलं. काकांच्या गळ्याच्या खळग्यात ऑपरेशनचं एक भोक होतं आणि त्यांचा श्वास तिथूनच ये-जा करत होता.

काकांनी कळ दाबली. त्यांचे ओठ मिटलेलेच होते.

“सही करायला लावलीस, म्हणून आज आहे,” संगणकातून काकांचा आवाज आला. तोच, स्थानकाच्या पार टोकापर्यंत पोचणारा.

सवयीने त्यांचं बोट पुन्हा कळेवर गेलं.

“सही करायला लावलीस, म्हणून आज आहे.”

“अजून एकदा,” काकू म्हणाल्या.