बरोबर आलेला अंदाज

"पीएचडी सोडतेय, मॅडम," रेवती टोणगावकर म्हणाली. "इतकी वर्षं मला विभागाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर वेळच दिला नाहीत. सिम्युलेशन काय बोटांवर मोजून करू?"

विभागप्रमुख नाडकर्णी मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. "कोण मधेच सोडणार, हे माझं अंदाज बांधणारं मॉडेल प्रवेशाच्या वेळीच सांगतं. तुझं नाव लाल आलं होतं. जाणाऱ्यांवर यंत्राचा वेळ कशाला घालवायचा?"

रेवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, वेळ मिळाला असता तर सोडलं असतं का?"

"ते मॉडेलमध्ये धरलेलं नाही." मॅडमनी समोरच्या स्क्रीनवर तिच्या नावापुढं 'सोडली' अशी नोंद केली. "बघ, अंदाज बरोबर आला."

त्या नोंदीवरून मॉडेल लगेच शहाणं झालं. यंदाच्या अर्जांतलं एक हिरवं नाव रेवतीच्या डोळ्यांदेखत लाल झालं. त्याच गावचं, त्याच घरचं, तिच्या धाकट्या बहिणीचं.