बाविसावं काम

विद्यापीठाची श्रेणी गेल्याची बातमी सोमवारी आली. परीक्षा विभागाचे मच्छिंद्र कदम निवृत्त झाले आणि त्यांचं काम दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं, हे तपासणी समितीने पकडलं होतं. अपिलाला पंधरा दिवस होते. तेवढ्यात प्रत्येक विभागाचा आराखडा हवा, नाहीतर पुढच्या वर्षीचे प्रवेश बंद.

कुलगुरू दीपमाला देवधरांनी गुरुवारी सगळ्या विभागप्रमुखांना एकत्र बसवलं. आराखडा कसा करायचा ते शिकवायला दीनानाथांना बोलावलं. ते दुसऱ्या एका विद्यापीठाचे निवृत्त कुलसचिव.

दीनानाथांनी फळ्यावर एक आखीव कागद चिकटवला. कामांची नावं कागदी पट्टीखाली झाकली होती.

"सगळं एकाच माणसावर चालायचं. तो सहा महिन्यांत जाणार, हे कळलं. बदली माणूस मिळणार नव्हता. मागे एकच जण उरणार होता, आणि त्याला काही येत नव्हतं."

"म्हणजे मीच," पुष्कर म्हणाले. कदमांच्या जागी तेच आले होते. सगळे हसले.

कामं बावीस. प्रत्येकापुढे तीन रकाने: बघणे, सोबत करणे, एकट्याने करणे.

"तिसऱ्या वेळी जाणाऱ्याने हात लावायचा नाही. चुकत असलं तरी खुर्चीत बसून बघायचं."

"कदमांना बांधून ठेवावं लागलं असतं," दीपमाला म्हणाल्या.

पण पट्ट्या आणि पेन्सिली निघाल्या. चहा आला तसा गार झाला. जेवणाच्या सुट्टीतही ग्रंथालय आणि वसतिगृहवाले रकान्यांवरून भांडत होते. दीनानाथांनी डबा पुढे केला.

"मटकी झकास. वहिनींची?" पुष्करांनी विचारलं.

"पद्धत तिचीच."

संध्याकाळी सोळा आराखडे भिंतीवर लागले. दीपमाला एकेका कागदापुढे थांबत होत्या. "अहो, वाचलो आपण," त्या म्हणाल्या. "दीनानाथराव, हा नमुना कोणी केला? त्यांनाही बोलवू."

"ते आता जमणार नाही."

"जास्त पगारावर गेले वाटतं," पुष्कर म्हणाले. मग कागदाजवळ गेले. "एकवीस कामांवर खुणा आहेत. बाविसाव्यावर नाही. आणि त्याला पहिले दोन रकाने आखलेलेच नाहीत."

"ते जाणाऱ्याच्या समोर करता येण्यासारखं नव्हतं."

नारायण पेठेत घरी येऊन दीनानाथांनी कुकर लावला. मग कागदावरची पट्टी काढली. वासंतीने शेवटच्या आजारात पलंगावर बसून, पेन्सिलीने, एकाखाली एक लिहिलं होतं: कुकर लावणे. गॅसचा नंबर लावणे. मटकीला मोड आणणे. लेकीला दर रविवारी आपणहून फोन करणे. एकवीस कामं झाली होती. माझ्या साड्या वाटून टाकणे, हे बाविसावं काम अजून राहिलं होतं.