एकच काडी

काडी एकच होती, आणि ती बेगायमच्या मुठीत घामाने ओली व्हायला आली होती.

किर्गिझस्तानातल्या सोनकुलच्या कुरणावर झाड नावाची वस्तू नाही. वारा मात्र पोटभर. अशा जागी एका काडीत चूल पेटवायची, किटलीभर चहा उकळायचा आणि ऊन डोंगराआड जायच्या आत परीक्षकाला पाजायचा, म्हणजे स्काउटला वरचा बिल्ला. बेगायम दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा काडी वाऱ्याने विझवली, दुसऱ्यांदा तिनेच, फुंकर घालून. आज हुकलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसून राहायचं. धाकटा भाऊ इल्गिझ पहिल्याच झटक्यात पास झाला होता. तो झोपतानाही बिल्ला काढत नसे.

"ताईसाहेब, फुंकर उसनी देऊ का?" तो लांबून ओरडला.

"इल्गिझ, तोंड मीट. वारा आहे तेवढा पुरे," सागिनबुबू एजे म्हणाली.

थोरल्या बहिणीसारखी म्हणून सगळं गाव तिला एजे म्हणे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातली पोरं कुरणावर आणून त्यांना माणसात आणणं हाच तिचा उद्योग. तिची ख्याती एकाच गोष्टीबद्दल होती: ती कशाला हात लावत नसे. तंबू पोरांच्या अंगावर कोसळला तर ती भोवती एक चक्कर मारून म्हणे, "कुठला दोर सुटला ते आतूनच बघा." आया तक्रार करत. पोरं मात्र डोळे मिटून गाठी मारत. एजेचे दोन्ही हात कायम कोटाच्या लांब बाह्यांत खुपसलेले. "मोकळे सोडले की मदतीला धावतात मेले," ती म्हणे.

परीक्षक मक्सात अगाय, म्हणजे मक्सात गुरुजी, राजधानी बिश्केकहून आले होते. गळ्यात शिट्टी, हातात रिकामा वाडगा.

"नियम ठाऊक आहे ना? मोठ्या माणसाचा हात लागला की परीक्षा रद्द."

"माझे हात मलाच सापडत नाहीत, अगाय," एजे म्हणाली.

बेगायमने वाऱ्याकडे पाठ केली. काडी ओढली. वाळलं गवत धुमसलं, धूर आला, आणि धुराशिवाय काहीच आलं नाही. एजे सरकत सरकत तिच्या शेजारी येऊन बसली. उजवी मूठ बाहीतून अर्धी बाहेर आली.

"एजे, थंडी वाजते का?" अगायांनी विचारलं.

"वय झालं," एजे म्हणाली. मग हळूच, "पोरी, फुंकू नकोस. नुसता श्वास सोड."

बेगायमने श्वास सोडला. गवतावरच्या गोवरीच्या कडेला लाल रेघ उमटली, मग ज्योत. एजेची मूठ परत बाहीत गेली.

किटलीला उकळी फुटली तेव्हा ऊन अजून कुरणावर होतं. अगायांनी वाडगा पुढे केला. तेवढ्यात ओढ्यापलीकडे एक ट्रक घरघरत थांबला. त्यातून एक म्हातारी, सून, पोरं, लोखंडी चूल आणि तंबूचा लाकडी सांगाडा उतरला. कुरणावर नवं बिऱ्हाड आलं की त्यांची चूल पेटेपर्यंत पहिला चहा शेजाऱ्यांनी न्यायचा, ही इथली रीत.

बेगायमने वाडग्याकडे पाहिलं. मग एजेकडे. एजे आकाशातली घार बघत होती.

बेगायमने किटली उचलली, झाकणावर चार निखारे घेतले आणि अगायांच्या वाडग्यासमोरून सरळ निघून गेली.

"अगं! इकडे!"

"ते लोक आत्ताच आलेत, अगाय."

"मीही कालच आलोय!"

"तुम्ही चुलीपाशी बसलात ना," ती म्हणाली आणि ओढ्यात उतरली.

इल्गिझने डोक्याला हात लावला. "गेली! जिंकलेली परीक्षा शेजाऱ्यांना वाटून टाकली!" या खेपेला त्याच्या आवाजात मजा नव्हती.

ऊन डोंगराच्या कडेला टेकलं. अगाय रिकाम्या वाडग्याशी चाळा करत म्हणाले, "एजे, मला वाईट वाटतं. पण किटली माझ्यापुढे आली नाही."

एजेने दोन्ही हात बाह्यांत आणखी आत ओढले.

आणि ओढ्यातून म्हातारी येताना दिसली. पुढे बेगायम, तिच्या हातात किटली. कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हीही इथलीच रीत. किटलीच्या तोटीतून वाफ निघत होती. दूध घातलेला, मीठ घातलेला चहा.

"बाहेरच्याची मदत चालत नाही, आजी," अगाय उभे राहून म्हणाले.

"मदत कसली? चूल माझी, पण विस्तव हिचा आहे. हिच्या निखाऱ्यावर माझी चूल पेटली आणि त्या चुलीवर हे उकळलं. नव्या घरचा पहिला चहा नाकारतोस? कुणाचा रे तू? तुझ्या बापाला कळवू का?"

शिट्टी गळ्यातच राहिली. वाडगा पुढे आला. ऊन अजून त्याच्या काठावर होतं. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग विचारलं, "पोरी, काड्या किती ओढल्यास?"

"एक."

"आणि चुली पेटल्या दोन." त्यांनी खिशातून बिल्ला काढला.

बेगायमला हुंदका आवरेना. इल्गिझने स्वतःचा बिल्ला पुसून तिच्या बिल्ल्याशेजारी धरून पाहिला. कुणाचा जास्त चमकतो यावर दोघं भांडू लागली.

"एजे, तुमची कमाल आहे," अगाय म्हणाले. "पोर बुडत होती, तरी तुम्ही बोट हलवलं नाहीत."

"शिस्त," एजे म्हणाली. तिने तळाचा चहा संपवला, आणि सगळ्यांची पाठ फिरलेली पाहून उजव्या बाहीतून एक कोरी काडी काढली, तिचा गुल मोडून टाकला आणि निवांत दात कोरू लागली.