कढत पाणी

"बॉयलर तापायला तास जाईल, आप्पा. थंड्या पाण्यानंच मारू का?" पंपाच्या दांड्यावर हात ठेवून ईरण्णानं विचारलं.

गिरणीमालक महालिंगप्पांनी खिशातलं घड्याळ पाहिलं. दुपारची नमाज झाली की येतो, असा पोलीस अमीनाचा निरोप होता. गिरणीच्या अंगणात, शहाबादी फरशीवर हातभर काळपट डाग पसरला होता. काल दिवस मावळताना बिभीषण हमालाला आप्पांनी तिथंच पहारीनं ठार मारलं होतं, उलट बोलला म्हणून. मग गोणपाटात गुंडाळून गाडीत घातलं. तो सोलापूरला पळाला, असं सांगायचं ठरलं होतं.

"चालंल थंड," आप्पा म्हणाले.

सारजा झाडू घेऊन उभी होती. बिभीषण तिच्या गल्लीतला. त्याची बायको पहाटे सारजाच्याच दारात घोटभर पाणी पिऊन उमरग्याला, अमीनाकडं निघाली होती.

"थंड्यानं न्हाय निघायचं, आप्पा," सारजा म्हणाली. "शनवारी तेलाला काय लागतंय?"

आप्पा हसले. त्यांच्या दातांच्या फटींत पानाचा चोथा होता.

"हिला कळतंय, तुला कळंना व्हय रे ईरण्णा? पेटव."

दर शनिवारी अंगणातलं करडीच्या तेलाचं कीट असंच निघायचं. बॉयलरचं उकळतं पाणी पंपानं दाबायचं आणि रबरी नळीच्या पितळी तोटीतून फरशीवर मारायचं. कीट सालीसारखं सुटून गटारात जायचं.

तासाभरानं ईरण्णानं दांडा हाणायला सुरुवात केली. सारजानं हाताला पोतं गुंडाळून तोटी धरली. वरवरचं तेवढं गुलाबी फेस होऊन वाहिलं. मग डाग करडा झाला, त्याला बारीक सुरकुत्या पडल्या. वाफेबरोबर वास उठला. जत्रेत बकऱ्याच्या रक्ताची रक्ती शिजते, तसा. सारजानं तोटी आणखी जवळ नेली.

"शी! कसला घाण वास!" आप्पांनी उपरणं नाकाला लावलं. त्यांच्या घरात रक्त कधी चुलीवर चढलं नव्हतं.

वास माडीवर पोचला तशी आप्पांची बायको उमाबाई खाली आली. तिनं वाफ पाहिली, नळी पाहिली, फरशी पाहिली. मग सारजाकडं पाहिलं. न्हाणीत कापडं आधी थंड्या पाण्यात बुडवायची, गरम लागलं की रक्ताचा डाग जन्माचा बसतो, हे तिच्या आईनं तिला बाराव्या वर्षी सांगितलं होतं. सारजाच्या आईनं सारजाला.

उमाबाईनं तोंड उघडलं.

सारजाचा हात थांबला. तोटीतून थेंब पडत राहिले.

"काय गं?" आप्पांनी उपरण्याआडून विचारलं. "निघंल का न्हाय?"

उमाबाईची नजर भिंतीला टेकवलेल्या पहारीवर गेली. मग नवऱ्याच्या हसऱ्या, लाल तोंडावर. तिनं पदर नाकाशी घेतला.

"निघंल की," ती म्हणाली. "अजून कढत घे, सारजा."

फाटकाशी अमीनाचा टांगा थांबला तेव्हा फरशी वाळत आली होती. सगळं अंगण पांढरंफेक पडलं होतं. मधोमध सुपारीच्या रंगाचा डाग होता, आणि त्याच्या कडेला उमटलेली पाच बोटं.