कप्तानाची पहिली फेरी

"घाबरू नकोस हं, माझा हात धर," कप्तान म्हणाला, आणि त्यानेच बायकोचा हात गच्च धरला.

लिफ्टचं दार बंद झालं. लादी थरथरायला लागली. गोल खिडकीतली पृथ्वी लहान लहान होत पार लिंबाएवढी झाली. बाकीची मंडळी आनंदाने किंचाळली. कप्तानाने डोळे मिटून घेतले.

आता गंमत ऐका. ती लिफ्ट एक इंचसुद्धा वर जात नव्हती. पायाखाली लादी हलवणारं यंत्र, खिडकीत सिनेमा, एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने बाहेर, संपलं. करमणुकीच्या पार्कातलं हे नवंकोरं अंतराळ-हॉटेल होतं तिकीटघराच्या मागे, चांगलं जमिनीवर. घरच्यांनाही हे सांगायचं नाही, अशी कामगारांना सक्त ताकीद होती, आणि कप्तानाने ती पाळली होती. ही कप्तानाची नोकरी त्याने हट्टाने मागून घेतली होती. अख्ख्या पार्कात वर न जाणारं यान हे एकच!

कारण कप्तानाला उंचीची भीती होती. साधा जिना चढतानाही त्याला घाम फुटायचा. आणि हाच माणूस आजवर पार्कातला रॉकेट-पाळणा चालवत आला होता. खाली उभं राहून दांडा ओढायचा, "घाबरता काय रे, मजा आहे!" म्हणून पोरांना वर धाडायचं, आपण मात्र जमिनीवर. पाळण्यावर जीव तर असा, की रोज संध्याकाळी एकेक रॉकेट पुसून काढायचा आणि मग मान वर करून नुसता बघत राहायचा.

"तुम्ही नाही का बसत?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असायचं. "मला काय हो! पण आमच्या हिला उंचीची भयंकर भीती. मी वर गेलो तर ही खाली चक्कर येऊन पडेल." बायकोही शेजारी उभी राहून मान डोलवायची. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं त्याला मनापासून वाटायचं. तिच्या पदराआड त्याचं गुपित सुखाने लपलं होतं.

"आलं हं, आलं," बायको म्हणाली, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

आज कामगारांच्या घरच्यांना पहिलं जेवण होतं. कप्तान नखशिखान्त चंदेरी. बूटही चंदेरी, ते सकाळी बायकोने माळ्यावरून काढून दिले होते, तो खाली स्टूल धरून उभा होता. हॉटेलात वाढपी वजन नसल्यासारखे तरंगत तरंगत चालत होते, त्यामुळे सूप टेबलापर्यंत येईतो निवून जात होतं. मग 'शनी' आला. उकडलेला बटाटा आणि त्याच्याभोवती कांद्याचं कडं.

"काय हो," बायको म्हणाली, "एवढं वर येऊन शेवटी बटाटाच?"

ती हसत सुटली. तिचं हसू बघून शेजारची टेबलं हसायला लागली. पडद्यामागे आचारी कुणावर तरी खेकसत होता. लिफ्टची वाट बघताना खालीही त्याचाच आवाज येत होता.

"आचारी आपल्याआधी पोचला वाटतं," बायको म्हणाली.

"त्यांची लिफ्ट वेगळी असते," कप्तान घाईघाईने म्हणाला आणि शनीचं कडं तोंडात कोंबलं.

तेवढ्यात मॅनेजरबाई चंदेरी झगा सावरत उभ्या राहिल्या. "मंडळी, आपला जुना रॉकेट-पाळणा नवा होऊन आलाय. नवा रंग, नवे दिवे, आणि उंची दुप्पट! पहिल्या फेरीचा मान आपल्या कप्तानांचा. जोडीने!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कप्तानाच्या हातातला चमचा खाली पडला.

"मी तर एका पायावर तयार आहे हो," तो म्हणाला, "पण आमच्या हिला..."

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, अगदी काकुळतीने. बायकोने शांतपणे तोंड पुसलं, पदर खोचला आणि उठली.

"चला. आत्ता अंतराळात येऊन बटाटा खाल्ला मी. आता कसली आलीय भीती?"

झालं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लिफ्ट खोटी आहे हे सांगता येईना, आणि आपली भीती खरी आहे हे तर त्याहून नाही. लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच नेलं. ज्या लाल रॉकेटला तो सगळ्यात जास्त वेळ पुसायचा, त्यातच त्याला बसवलं. शेजारी बायको. दांडी खटकन खाली आली आणि रॉकेट उचललं.

कप्तानाने डोळे घट्ट मिटले. वारा कानात शिरला. खालच्या टाळ्या बारीक होत गेल्या. शेजारी बायको लहान मुलीसारखी खिदळत होती. "अहो, दिवे बघा तरी! अख्खा पार्क दिसतोय!"

"तुला... भीती नाही वाटत?" मिटल्या डोळ्यांनीच त्याने विचारलं.

"आपल्या घरात स्टुलावर कोण चढतं हो?"

बल्ब. पडदे. माळ्यावरचे डबे. सगळं त्याला एकदम आठवलं. त्याला रडूही आलं आणि हसूही.

तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. "उघडा बघू डोळे. समजा, तुमच्या लिफ्टमध्येच आहोत. म्हणजे जमिनीवरच की!"